न वाजवायचा डफ

कल्पना सुचली तेव्हा भुजंग गजभारे दात घासत होता, आणि आपल्याला कल्पना सुचली आहे हे लक्षात येताच तो घाबरला. तसा तो रोजच घाबरायचा. मस्टरला घाबरायचा, घरमालकाच्या खाकरण्याला घाबरायचा, साहेबांच्या टेबलावरच्या घंटीला घाबरायचा. पण त्या भीत्या सवयीच्या होत्या, कोपऱ्यातल्या छत्रीसारख्या, आहेत म्हणून असायच्या. ही पोटातून आली. झालं होतं एवढंच. सकाळचे सहा वाजले होते, नळाचा दिवस होता, म्हणजे पाचवा, आणि त्याची बायको पंचशीला अंगणात नळाखाली हंडा लावून बसली होती. मोरीजवळ जमिनीवर डाळीचा डबा होता. त्याचं झाकण मागच्या बदलीत हरवलं होतं, म्हणून पंचशीलानं भुजंगच्या ऑफिसातला नकाशे गिरवायच्या ट्रेसिंग क्लॉथचा वाया गेलेला तुकडा डब्याच्या तोंडावर ताणून सुतळीनं करकचून बांधला होता. तिनं निवडलेल्या ज्वारीतले सात दाणे त्यावर सांडले होते. आणि ते दाणे हलत होते. हलत म्हणजे थरथरत, आणि मधूनच एखादा उडी मारून जागा बदलत होता. कुणी कांडत नव्हतं. रस्त्यावर ट्रक नव्हता. भुजंग तोंडात ब्रश तसाच ठेवून उकिडवा बसला आणि बघत राहिला. सहा पंचविसाला नळ फुसफुसून बंद झाला. दाणे पण बंद झाले.

“उंदीर हाय का?” पंचशीलानं हंडा आत आणता आणता विचारलं.

“न्हाई.”

“मग काय बघून राहिले असं, शाळा तपासाया आल्यावानी?”

त्यानं चूळ भरली. तो आरेखक होता. नव्या जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याचे नकाशे त्याच्या हातचे होते, आणि या घरांच्या रांगेखालून सहा इंची बिडाचा पाइप जातो हे घरमालकालाही माहीत नव्हतं, त्याला होतं. विहिरींवरून शंभर हंडे निघाले की गावात साठ पोचतात, मधले चाळीस कुठं जातात ते कुणाला सापडत नाही, हेही माहीत होतं. त्यासाठी दोन वेळा समिती नेमली होती आणि दोन्ही समित्यांनी पाणी जमिनीत जातं असा निष्कर्ष काढला होता. आता ते नेमकं कुठं जातं हे सात दाण्यांनी सांगितलं होतं. इथं, मोरीखाली, फुटक्या पाइपातून दाबानं सुटणाऱ्या पाण्यानं जमीन थरथरत होती. भीती त्याची नव्हती. भीती अशी की दाणे हलताना बघून त्याला आजा आठवला होता.

आजा कंधारजवळच्या गावात दवंडी द्यायचा. भुजंगच्या डोक्यात आजा म्हणजे एक धोतर, एक खोकला आणि एक डफ. त्या डफाला वास होता, कातड्याचा आणि जाळावर धरलेल्या कडब्याच्या धुराचा. डफ तापवताना आजा त्याच्याशी बोलायचा, पोराशी बोलावं तसा. पोराशी मात्र कमी बोलायचा. जे काही बोलायचा त्यात एक गोष्ट नेहमी असायची, की कंधारच्या किल्ल्यावर आपले पूर्वज पहाऱ्याला होते, आणि खाली कुणी भुयार खणतंय का हे कळावं म्हणून तटाशी डफ जमिनीवर उपडा ठेवून त्यावर ज्वारीचे दाणे टाकायचे. दाणे उडाले की सावध व्हायचं. खरं की खोटं देव जाणे. म्हणजे देव नाही, आजा जाणे. तो गेला तेव्हा भुजंग सात वर्षांचा होता. त्याआधीच, धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी, भुजंगचा बाप लिंबाजी यानं पाटलाचं दवंडीचं बोलावणं आल्यावर डफ काखेत मारला, सरळ चावडीवर गेला, पायरीवर ठेवला आणि हात झटकून परत आला. त्या हात झटकण्यापायी त्यांच्या घराचं पाणी तुटलं, काम तुटलं, आणि शेवटी बिऱ्हाड उचलून नांदेडला यावं लागलं. डफाची गंमत पुढं, बापाच्या तोंडून. गावातल्या कुणाला तो शिवायचा नव्हता, कारण तो आमचा होता, आणि आमच्यातल्या कुणाला तो शिवायचा नव्हता, कारण तो आता आमचा नव्हता. त्यामुळं तो चावडीच्या पायरीवर सात वर्षं पडून राहिला. सभा त्याच्याभोवतीनं व्हायच्या. कातडं कुत्र्यांनी नेलं, कडं राहिलं. लिंबाजी ही गोष्ट सांगायचा तेव्हा हसायचा नाही, पण शेवटी नेहमी म्हणायचा, “आपल्या घरात चामडं येईल ते फक्त पायात.”

ऑफिसला जाताना भुजंगनं ठरवलं की आपल्याला काही सुचलेलं नाही. हे सोपं होतं; गेली बारा वर्षं तो हेच करत होता. ऑफिस एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात होतं. जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं. खुर्च्या उस्मानाबादहून आल्या होत्या, शिक्के उस्मानाबादहून आले होते, पाटीवरच्या उस्मानाबादवर लातूर रंगवलं होतं, आणि दुपारी ऊन चढलं की खालचं उस्मानाबाद हळूच वर यायचं. बाहेर टँकरची रांग, आत डाळीचा जुना भुसा. पण नेमक्या त्याच आठवड्यात कार्यकारी अभियंता साहेब पुण्याच्या प्रशिक्षणाहून परत आले होते आणि त्यांना कळलं होतं की नवी कल्पना म्हणजे दोन अनोळखी क्षेत्रांचं लग्न. वैद्यकातली गोष्ट शेतीत न्या, शेतीतली कारखान्यात न्या, ठिणगी पडते. साहेब हे मनापासून बोलत होते. त्यांचा चेहरा नव्यानं चष्मा लागलेल्या माणसासारखा उजळला होता, आणि खरं सांगायचं तर भुजंगला त्या भाषणात चुकीचं असं काही दिसेना. चूक पुढं झाली. ठिणगीसाठी परिपत्रक निघालं. प्रत्येक कर्मचाऱ्यानं पंधरा तारखेच्या आत एक कल्पना तीन प्रतींत सादर करावी. रकाना तीन, पहिलं क्षेत्र. रकाना चार, दुसरं क्षेत्र. रकाना पाच, दुसऱ्या क्षेत्राशी कर्मचाऱ्याचा पूर्वसंबंध, तपशीलवार.

मुख्य आरेखक गुरुपादप्पा शेजारच्या टेबलावर बसायचे. कपाळाला भस्म, तोंडात सुपारी, जिभेला हाड नाही. ते पहिल्याच दिवशी सलाईनची बाटली आणि साहेबांच्या दारातली तुळस यांचं लग्न लावून मोकळे झाले होते. “पूर्वसंबंध काय लिहिला, अप्पा?” कुणीतरी विचारलं. “लिवलं की, मूळव्याधीच्या ऑपरेशनला चार बाटल्या लागल्या होत्या म्हणून,” अप्पा म्हणाले आणि भुजंगकडं वळले. “गजभारे, तुमचं काय? का तुमच्याकडं क्षेत्रच न्हाई दुसरं?”

सगळे हसले, भुजंगही हसला. वाईट काही नव्हतं त्यात. अप्पा बदलीच्या वेळी त्याचं सामान उतरवायला आले होते, घरी जेवले होते, पंचशीलाच्या हातची भाकरी मागून घेतली होती. पण दुसरं क्षेत्र हे शब्द त्याच्या अंगाला चिकटले. त्यानं या नव्या गावात चार वर्षं एकच क्षेत्र जपलं होतं. सरळ रेघा, स्वच्छ अक्षर, ऑफिसात कधीही न घसरणारी शुद्ध भाषा. आडनावावरून सगळ्यांना सगळं कळत होतं, ते काय लपणार; पण कळणं वेगळं आणि आपण होऊन रकान्यात लिहून देणं वेगळं, तेही तीन प्रतींत. तो टेबलाशी बसून बघत होता पुढं काय होईल ते. समजा लिहिलं. समजा साहेबांना आवडलं. मग ते म्हणणार, करून दाखवा. मग गळ्यात डफ अडकवून, गल्ली गल्लीनं, मागं लोक, सरकारी हुकमानं. आज्यामागं पाटील होता, नातवामागं कार्यकारी अभियंता. तीस वर्षांपूर्वी बापानं पायरीवर ठेवलेली वस्तू फिरून फिरून, शिकून सवरून, डिप्लोमा घेऊन, परत त्याच गळ्यात येणार. त्याच्या तळहातांना घाम सुटला आणि नकाशावर शाई पसरली. त्या जागी खरा तर एक व्हॉल्व्ह होता.

मग लिहू नये. पण पाचव्या दिवशी परत सकाळचे सहा वाजले, आणि तो न ठरवता डब्यापुढं उकिडवा बसला. दाणे उड्या मारत होते. बाहेर पंचशीलाचा दुसरा हंडा अर्धाच भरला आणि नळ फुसफुसला. पलीकडच्या गल्लीतल्या बायका इकडच्या नळाशी येऊन उभ्या होत्या, कारण त्यांच्याकडं आज आलंच नव्हतं. एकीनं दुसरीची घागर ढकलली, शब्द वाढले, आणि पंचशीला मध्ये पडली तर तिच्या कोपराला घागरीचा काठ लागून रक्त आलं. ती आत आली, हळद दाबली आणि म्हणाली, “पानी येतंय कुठून अन् जातंय कुठं, तुम्ही नकाशेवाले ना? सांगा की.” टोमणाच होता. पण त्याला वाटलं, हिला कळलंय. जमिनीखाली, तिच्या पायाखाली दीड-दोन हात खोल, ते पाणी आत्ताच गपचूप गेलं होतं, आणि ते कुठं जातं हे माहीत असलेला जगातला एकच माणूस तोंडात ब्रश घेऊन गप्प होता. ही नवी भीती होती. पहिली लोकांची होती, ही स्वतःची.

त्यानं आधी पळवाट काढून बघितली. चाळणीचं लाकडी कडं घेतलं, त्याला ट्रेसिंग क्लॉथ ताणलं. मोरीपाशी चाललं, रस्त्यावर मुळीच नाही. कापड ढिलं पडायचं, दाणे मेल्यासारखे. शेवटी तबले मढवणाऱ्याकडं जाऊन, ऑफिसचं काम आहे, ऑफिसचं काम आहे, असं दोनदा विनाकारण सांगून त्यानं कड्याला शेळीचं कातडं मढवून घेतलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती वस्तू घरी आणताना त्याला आपली बोटं जाणवली. बोटं कागदावरून हळूहळू ठेका धरत होती. त्याला ठेका येत नव्हता. त्याला कुणी शिकवला नव्हता, आज्यानं डफाला हातही लावू दिला नव्हता. तरी करंगळी आणि अंगठा आपापलं काम ओळखून होते. तो रस्त्यात थांबला आणि दुसऱ्या हातानं तो हात धरला, एखादा भुरटा चोर धरावा तसा.

रविवारी तो नांदेडच्या बसमध्ये बसला. मांडीवर गुंडाळी. शेजारच्या अहमदपूरच्या बाईनं विचारलं, “चाळनी का? केवढ्याला घेतली?” तो म्हणाला, हाव, चाळणीच. खिडकीबाहेर सगळं भाजलेलं. नदीच्या पात्रात लोकांनी खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरायला घेतलं होतं. बाहत्तर साली तो पॉलिटेक्निकला असताना याच रस्त्यावर लिंबाजीनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती. त्या वेळी हातोडा आपटण्याचाही एक ठेका धरला जायचा, आणि लिंबाजी मुद्दाम तो मोडून हातोडा मारायचा. मुकादम ओरडायचा, अरे सगळ्यांबरोबर मार. बाप म्हणायचा, मी वाजवाया आलो न्हाई, फोडाया आलोय. ते आठवलं आणि भुजंगला वाटलं इथंच उतरावं.

लिंबाजी ओसरीवर पेपर वाचत होता. गोदामातली हमाली सुटून बारा वर्षं झाली होती, पण खांदे अजून पोतं येणार असल्यासारखे पुढं झुकलेले. जयभीम झाला, पाणी झालं. गुंडाळी भुजंगच्या पायाशी होती. बापानं पेपरातून नजर न काढता विचारलं, “काय आनलंस?”

“यंत्र हाय, आबा. गळती शोधायचं.”

“उघड.”

भुजंगनं उघडलं. कातडं पांढरंफटक होतं, नवं. लिंबाजीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.  भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बापाच्या डोक्याच्या बरोबर वर होता, त्यामुळं भुजंगला दोघांकडं एकदमच बघावं लागत होतं. तो बोलायला लागला. पाइप, दाब, चाळीस हंडे, किल्ला, दाणे, पंचशीलाचं कोपर, रकाना पाच. इतकं तो बापापुढं आयुष्यात बोलला नव्हता.

“सायब म्हनले का, डफ आन म्हनून?” लिंबाजीनं विचारलं.

“न्हाई. मलाच सुचलं.”

“तुलाच सुचलं.” लिंबाजीनं ते शब्द जिभेवर फिरवून बघितले. “एवढा शिकवला, आन् सुचलं काय तर हे.”

भुजंगनं गुंडाळीच्या कागदाची घडी घातली.

“वाजवायचा कधी? पानी आलं की?”

“वाजवायचा न्हाईच, आबा. टिचकी जरी लागली तर दाणे उगाच उडतात, सगळं बिघडतं. नुसता जमिनीवर ठेवायचा. हात लावायचा न्हाई.”

“कुनीच?”

“कुणीच. सायबानंबी न्हाई.”

लिंबाजी उठला. भुजंगला वाटलं, आता ही वस्तू उकिरड्यावर जाणार. बापानं वस्तूला हात लावला नाही. तो तिच्याभोवतीनं, चावडीवरच्या सभेसारखा, वळसा घालून दारापर्यंत गेला आणि बाहेर बघत पाठमोरा उभा राहिला. तिकडं तोंड करूनच म्हणाला, “कातडं थंड हाय. आसं न्हाई कळायचं. अर्धा तास उन्हात ठेव आधी. जाळावर धरू नको. जाळावर आवाज चढतो. तुला आवाज नको हाय न्हवं?” आणि थोड्या वेळानं, “त्या रकान्यात काय लिवनार हाईस?”

“ऐकीव माहिती, असं लिहीन म्हणतो.”

“भ्याला का?”

“हाव.”

“म्या बी भ्यालो होतो,” लिंबाजी म्हणाला. “डफ ठेवून परत येताना धोतर ओलं झालं होतं. हे तुला सांगितलं न्हवतं.” आणि पेपर उचलून विहाराकडं निघून गेला. जेवायला सुद्धा थांबला नाही.

रकान्यात भुजंगनं लिहिलं: आजोबा, दवंडी. वडिलांनी सोडली. तिन्ही प्रतींत अक्षर वेगवेगळं आलं. बारा वर्षांत त्याचं असं कधी झालं नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचला आणि खुर्चीतून उठले. ते खरोखर खूष झाले होते, पोरासारखे. सलाईन आणि तुळस यांच्या ढिगाऱ्यात त्यांना पहिल्यांदा आपलं प्रशिक्षण जिवंत सापडलं होतं. पुढच्या नळाच्या दिवशी प्रात्यक्षिक, भुजंगच्याच गल्लीत. जीप, फोटोग्राफर, खणायला चार मजूर, आणि गुरुपादप्पा. रात्रभर भुजंगला वाटत राहिलं की आपल्याला ताप येईल. आला नाही.

सकाळी साडेपाचला त्यानं कातडं चुलीजवळ नेलं आणि परत आणलं. ऊन अजून नव्हतं. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, नळ सहाला आणि ऊन सातला. शेवटी पंचशीलानं पितळेच्या तांब्यात गरम पाणी भरलं आणि इस्त्री फिरवावी तसा तांब्या कातड्यावरून फिरवला. “घ्या,” ती म्हणाली, “ऊन.” बाहेर जीप आली होती. गल्ली गोळा झाली. गुरुपादप्पांनी वस्तू बघितली आणि त्यांच्या तोंडून निघालंच, “अरे, हा तर डफ! गजभारे, एक थाप तर मारा, मुहूर्ताची!” लोक हसले. बोलून गेल्यावर अप्पांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी सुपारी थुंकली आणि खाली बघितलं. पण फोटोग्राफरनं धागा पकडला होता. तो म्हणाला, खाली ठेवलेला दिसत नाही, हातात धरा, छातीशी, आडवा. साहेब म्हणाले, हो हो, धरा. वर दाणे टाकले. पट्टा गळ्यात नव्हता एवढंच. गर्दीतून एक म्हातारी घागर घेऊन पुढं आली, वाकून बघितलं आणि विचारलं, “काय दवंडी हाय रं, लेकरा?”

आणि दाणे उडायला लागले. टपटप टपटप, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे नव्हे, तापल्या तव्यावरच्या जिऱ्यासारखे. एक तर उडून साहेबांच्या खिशात पडला. “बघा!” साहेब ओरडले. “बघा, इथंच! खणा!” मजुरानं कुदळ उचलली. फोटो निघाला. टाळ्या पडल्या. डफ भुजंगच्या छातीशी होता, जमिनीपासून तीन हात वर, जमिनीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि हे एवढ्या लोकांत, साहेब धरून, कुणाच्याही ध्यानात येत नव्हतं. त्याची बोटं ठेका धरत नव्हती. ती नुसती थरथरत होती, आणि थरथर कातड्यातून दाण्यांना जात होती. आता फक्त गप्प राहायचं होतं. खणू देत. पाणी नाही लागलं तर समिती नेमतील, लागलं तर बढती. त्याला बापाचं धोतर दिसलं, ओलं, चावडीपासून घरापर्यंत सगळ्या गावासमोरून चालत येणारं.

“हे पानी न्हाई, सायब,” तो म्हणाला. चार वर्षं जपलेली भाषा कुठं गेली त्याला कळलं नाही. “मी हाय. भ्यालोय म्हनून हात हालून राहिलेत.”

कुदळ वर गेली होती ती तशीच थांबली. कुणी हसलं नाही. भुजंगनं डफ खाली धुळीत ठेवला, घराच्या दाराशी, मोरीच्या रेषेत. नकाशात ती रेषा त्यानंच काढली होती. सांडलेले दाणे मोजून परत कातड्यावर टाकले, सात. दाणे पडले आणि निपचित राहिले. तो उठला, दोन पावलं मागं सरकला आणि हात खिशात घातले. साहेब घड्याळ बघत होते. सहाला दोन मिनिटं कमी होती. म्हातारी अजून तिथंच होती.

“दवंडी न्हाई, आजी,” तो तिला म्हणाला. “ऐकून राहिलो.”

ती घागर टेकवून त्याच्या शेजारी उभी राहिली. हळूहळू सगळी गल्लीच गप्प झाली. अंगणात पंचशीलाच्या नळानं आधी हवा सोडली, मग खाकरला, मग धार हंड्यात पडल्याचा आवाज आला. कातड्यावर कडेचा एक दाणा किंचित सरकला. मग मधला. भुजंगनं खिशातल्या खिशात दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या, आहेत ना जागेवर हे बघायला. होते. तरी त्यानं परत एकदा बघितलं. दाणे नाचत होते.